फॉरमॅट मारला, पण व्हायरस गेला का?

संगणक मंदावला, नको त्या जाहिराती आपोआप उघडू लागल्या, पेन ड्राइव्हमधल्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले की आपल्या वस्त्यांमधून एकच उपाय केला जातो. दुकानात न्यायचा आणि फॉरमॅट मारून आणायचा. दोन महिन्यांनी पुन्हा तीच रड! मुलांचे परीक्षेचे अर्ज, जातीच्या दाखल्याच्या स्कॅन प्रती, बँकेचे व्यवहार, सारे ज्या यंत्रावर आहे त्याची ही अवस्था असताना आपण गप्प का बसतो?

व्हायरस परत येतो, कारण तो परत आणला जातो. कित्येक दुकानांत विंडोजची चोरटी प्रत टाकली जाते. ती चालू करणारा 'क्रॅक' टाकण्यापूर्वी बहुधा अँटिव्हायरस बंद केला जातो. पहारेकऱ्याला झोपवून घरात कोणाला घेतले जाते, हे सांगायला नको. (वर त्याचे पैसेही आपणच मोजतो!) त्यात जुना पेन ड्राइव्ह न तपासता जोडला की काम फत्ते.

वास्तविक पाहता बरीचशी सफाई घरच्या घरी, फुकट होते. आधी इंटरनेट तोडावे. बँकेचे व ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या, निर्धोक यंत्रावरून बदलावेत. बाधित संगणकावर बदलले तर नवा पासवर्डही चोराच्याच हाती जातो. मग विंडोज सिक्युरिटीमध्ये फुल स्कॅन आणि त्यानंतर ऑफलाइन स्कॅन करावे. हे दुसरे स्कॅन विंडोज सुरू होण्यापूर्वीच तपासणी करते, म्हणून लपून बसलेला व्हायरसही त्यात सापडू शकतो. अनोळखी प्रोग्राम व ब्राउझरमधील एक्स्टेन्शन काढून टाकावेत. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २०१७ साली सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राची साधनेही मोफत आहेत. एवढे करूनही भागले नाही तर फॉरमॅट जरूर मारावा; पण बाजूला काढायचे ते फक्त कागदपत्रे व फोटो, आणि विंडोज घ्यायचे ते मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून.

नेट वाचवण्यासाठी अपडेट बंद ठेवण्याची सवयही आपल्याला महागात पडते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभरच्या संगणकांतील फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या छिद्रातून तो शिरला ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते! विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या यंत्रावर विंडोज ११ चालत नसेल तर लिनक्स मोफत आहे. मुलांचा अभ्यास, टंकलेखन यांना ते पुरते.

कायदाही माहीत असावा. मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात व्हायरस सोडणाऱ्याकडून माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ खाली भरपाई मागता येते. तेच लबाडीने केले असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परंतु पुराव्याशिवाय आम्ही वकील मंडळी तरी काय करणार? म्हणून दुकानदाराकडून पावती घ्या आणि कोणते विंडोज, कोणत्या परवान्याने टाकले ते तिच्यावर लिहून घ्या. खात्यातून पैसे गेले असतील तर मात्र पावती शोधत बसू नका, त्याच क्षणी १९३० वर फोन करा.