छंदांची मुदत

ज्याला एकच छंद आहे त्याचे काम सोपे. परंतु सतार, चित्रकला आणि अर्धवट राहिलेले प्रवासवर्णन ही तिन्ही ज्याचे लक्ष एकाच वेळी वेधीत असतात, त्याला आळसापेक्षा निवडीचाच प्रश्न अधिक बिकट वाटतो, आणि ती निवड तहकूब करता करता फुरसतीचा रविवार व्यर्थ निघून जातो. या संदर्भात दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण चिंतनीय आहे. व्यवसायाने गणितज्ञ असलेल्या या विद्वानाने आहत नाण्यांची वजने करून त्यांच्या झिजेवरून कालक्रम निश्चित करण्याचा यत्न केला, १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली आणि १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे संख्याशास्त्र नाण्यांच्या कामी आले आणि नाणी इतिहासाच्या. अर्थात त्यांच्या व्यासंगांनी परस्परांचा वेळ खाल्ला नाही, उलट तो वाढविला. ज्यांचे छंद असे एकमेकांस साह्यकारी नसतील त्यांनी प्रत्येकास स्वतंत्र मुदत नेमून द्यावी, पावसाळ्यात लेखणी तर हिवाळ्यात कुंचला अशी तजवीज करावी, आणि उरलेल्यांना तोवर निःसंकोचपणे रजा द्यावी. कारण विचारपूर्वक दिलेली रजा ही दिरंगाई नव्हे.