माहेरी परतलेल्या लेकीचा परवाना

गेल्या महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातून एका भगिनीचे चार पानी पत्र आमच्याकडे आले. नाव-गाव छापू नये अशी तिची विनंती आहे, म्हणून ते गाळतो. बाकी मजकूर तिच्या परवानगीने येथे घेत आहोत, कारण कोकणातल्या आणखीही काही घरांत हाच पेच आहे, हे आम्हाला ठाऊक आहे.

ही भगिनी खाडीकाठच्या एका गावात जन्मली आणि तिथल्याच उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकली. निकाह झाला तो कराचीत, आईच्या मावसबहिणीच्या मुलाशी. आजच्या मुलींना हे ऐकून नवल वाटेल; पण सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, आपल्या लोकांचे बोटीने कराचीला येणे-जाणे होते आणि फाळणीनंतरही नाती काही सीमेवर थांबली नाहीत. लग्नानंतर दोन वर्षांनी तिने पाकिस्तानी पासपोर्ट घेतला. मुलगी झाली, मग मुलगा झाला. पुढे शौहरचा इंतेकाल झाला. सासरी आधार द्यायला कर्ता पुरुष कोणी उरला नाही. इद्दत संपली, भावाने कागदपत्रे पाठवली आणि ती मुलांना घेऊन माहेरी आली. आज मुलगी बावीस वर्षांची आहे, मुलगा सोळा. तिघेही दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात.

आता प्रश्न. ती लिहिते, "मुलांच्या नागरिकत्वाचा अर्ज आईच्या, म्हणजे माझ्या, भारतीय जन्मावरून करता येतो असे कळले. तालुक्याचा एक एजंट म्हणतो की अर्ज एकदा दाखल झाला की व्हिसा वाढवायची गरज नाही, अर्जाची पोचच पुरते. आमच्या व्हिसाची मुदत दोन महिन्यांत संपते. दोन्हीकडे पैसे आणि फेऱ्या परवडत नाहीत. काय करू?"

पत्र मिळाले त्याच दिवशी आम्ही तिच्या भावाला फोन करून सांगितले ते आधी लिहितो: व्हिसा वाढवा, अर्जाचे नंतर पाहू. एजंटाचे म्हणणे चूक आहे. नुसते चूकच नाही, त्यावर विसंबले तर नागरिकत्वाचा दरवाजाच बंद होईल.

कारण असे. नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ५ खाली नोंदणीने नागरिकत्व मिळते. पण ते कलम सुरुवातीलाच सांगते की अर्जदार 'अवैध स्थलांतरित' नसावा. अवैध स्थलांतरित म्हणजे केवळ चोरवाटेने आलेला माणूस नव्हे. रीतसर पासपोर्ट-व्हिसा घेऊन आलेला, पण मुदत उलटल्यावरही राहिलेला माणूसही त्याच व्याख्येत बसतो. अर्जाची पोच म्हणजे वास्तव्याचा परवाना नव्हे. दोन्ही गोष्टी वेगळ्या आणि दोन्हींचे कार्यालयही वेगळे. व्हिसाची बाब परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याकडे, जिल्ह्यात ते काम पोलीस अधीक्षकांकडे असते. नागरिकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत राज्य सरकारकडे आणि तिथून दिल्लीला. एका टेबलावरचा कागद दुसऱ्या टेबलाला आपोआप कळत नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला आहे. त्यात मुदतीपलीकडे राहण्याला तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

या व्हिसाचे मोल काय, ते एप्रिल २०२५ मध्ये सर्वांनी पाहिले. पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, काही दिवसांत अटारीवरून परतण्याचे हुकूम निघाले. दीर्घ मुदतीचे व्हिसा त्यातून वगळले गेले. एकाच घरात दोन कागद दोन तऱ्हेचे असले तर काय होते, ती दृश्ये आपण दूरदर्शनवर पाहिलीच. आमच्या या भगिनीच्या घरातही ते चार दिवस कोणी नीट जेवले नाही, असे तिने लिहिले आहे.

हा व्हिसा कोणाला मिळतो? त्याच्या ठरलेल्या वर्गांत दोन आपल्या घरांशी संबंधित आहेत. एक, भारतीयाशी लग्न होऊन येथे राहणारी पाकिस्तानी स्त्री. दुसरी, मूळची भारतीय, पाकिस्तानात लग्न झालेली, पण वैधव्यामुळे किंवा तलाकमुळे परतलेली आणि तिकडे सांभाळणारा पुरुष नसलेली. आमची भगिनी या दुसऱ्या वर्गात येते. मुदत संपण्याच्या पुरेशी आधी वाढीचा ऑनलाइन अर्ज करावा, त्याची पोच छापून ठेवावी, आणि व्हिसात लिहिलेल्या ठिकाणाबाहेर जायचे तर आधी परवानगी घ्यावी. लग्नकार्य असो की मयत, मुंबईला रात्रीच्या गाडीने जाऊन सकाळी परत येऊ, हा विचार मनात आणू नये. घर बदलले तरी ते कळवावे लागते. आपल्याकडे भावाच्या घरून मामाच्या घरी जाणे याला कोणी 'पत्ता बदलणे' म्हणत नाही. पोलीस म्हणतात.

आता मूळ हक्काकडे. जन्माने परदेशी असलेल्या मुलाला आईकडून थेट वंशपरंपरेने नागरिकत्व मिळण्याची सोय कलम ४ मध्ये आहे. पण १० डिसेंबर १९९२ पूर्वी ती फक्त बापाकडून होती, आईकडून नाही. त्या तारखेपासून आईही धरली गेली. मात्र मुलाच्या जन्मावेळी आई भारतीय नागरिक असली पाहिजे. या भगिनीने मुलीच्या जन्माआधीच पाकिस्तानी नागरिकत्व घेतले, तेव्हा कलम ९ नुसार तिचे भारतीयत्व संपले. म्हणून कलम ४ तिच्या मुलांना लागू पडत नाही. ज्या भगिनींनी तिकडचा पासपोर्ट कधी घेतलाच नाही किंवा मुले झाल्यावर घेतला, त्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांनी तारखा घेऊन चांगल्या वकिलाकडे जावे.

मग उरते कलम ५, पोटकलम (१), खंड (च). स्वतः किंवा आई-वडिलांपैकी एक पूर्वी स्वतंत्र भारताचा नागरिक होता, अर्जदार सज्ञान आहे आणि अर्जापूर्वी सलग बारा महिने भारतात राहिला आहे, तर नोंदणीसाठी अर्ज करता येतो. आई स्वतःसाठी याच खंडाखाली अर्ज करू शकते, मुलगीही आईच्या आधारे करू शकते. मुलगा अज्ञान आहे. त्याच्यासाठी पोटकलम (४) आहे. विशेष परिस्थिती असेल तर केंद्र सरकार कोणत्याही अज्ञान मुलाची नोंद करू शकते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीत मुसलमानांचा समावेश नाही, त्यामुळे मुसलमानाने अर्ज करूच नये, असे गावागावांत बोलले जाते. कलम ५ ला धर्माची अट नाही. मंजुरी देणे न देणे केंद्राच्या हाती आहे आणि उशीर लागतो, हे खरे. पण अर्ज करण्याचा हक्क आहे.

सगळे अडते ते आईच्या जन्माच्या पुराव्यावर. तलाठ्याकडचा गाव नमुना १४, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्यातली जन्मनोंद काढावी. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढावा. जुना भारतीय पासपोर्ट असेल तर तो सोन्याच्या पाटलीसारखा जपावा. आणि नावे ताडून पाहावीत. शाळेत गावावरून 'कर' लावलेले आडनाव असते, पाकिस्तानी पासपोर्टवर ते गळते आणि तिथे बापाचे किंवा शौहरचे नाव येते. 'बी' कुठे आहे, कुठे नाही. एकच बाई तीन कागदांवर तीन नावांची निघते. प्रतिज्ञापत्र करून हे आधीच जुळवावे. फाइल दिल्लीला गेल्यावर शंका आली तर पुन्हा तलाठ्यापासून सुरुवात होते. उर्दू निकाहनाम्याचे प्रमाणित भाषांतर लागेल. गावातल्या मौलानांचे भाषांतर कितीही अचूक असले तरी ते चालत नाही, हे त्यांचा आदर राखूनच सांगतो.

सर्वांत नाजूक बाब शेवटी येते. भारताचे नागरिकत्व देण्याआधी सरकार पाकिस्तानचे नागरिकत्व सोडल्याचा दाखला मागते. पाकिस्तानच्या कायद्यात नागरिकत्व सोडण्याचे वय एकवीस आहे. केरळमधल्या कण्णूरच्या दोन बहिणींनी एकवीस पूर्ण होण्याआधीच दिल्लीतल्या पाकिस्तानी उच्चायुक्तालयात पासपोर्ट जमा केले. वयामुळे त्यांना त्यागाचा दाखला मिळाला नाही, आणि एकवीस झाल्यावरही मिळेना. ना इकडच्या ना तिकडच्या, अशी त्यांची अवस्था झाली. उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण २०२५ मध्ये खंडपीठाने तो रद्द केला: पासपोर्ट जमा करणे म्हणजे नागरिकत्व सोडणे नव्हे. म्हणून आमच्या भगिनीला आमचे सांगणे आहे की भारत सरकारकडून स्वीकृतीचे पत्र हातात येईपर्यंत कोणाचाही पासपोर्ट कुठेही जमा करू नका. त्याची मुदत संपू देऊ नका. त्या पासपोर्टवरच व्हिसा उभा आहे. मुलगी एकवीस ओलांडून गेली आहे, तिची वाट मोकळी आहे; मुलाला अजून पाच वर्षे आहेत, तेवढा काळ त्याचा व्हिसा डोळ्यात तेल घालून सांभाळावा लागेल.

आखातातल्या आमच्या वाचकांसाठी जाता जाता दोन ओळी. ३ डिसेंबर २००४ पासून परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात करावी लागते. नंतर करायची तर केंद्राची परवानगी लागते. तिथल्या मातीत जन्मले म्हणून ते देश नागरिकत्व देत नाहीत, आणि मुलाच्या वास्तव्याच्या परवान्यासाठी आधी त्याचा पासपोर्ट लागतो. अमिरातीत त्याला जन्मापासून १२० दिवस मिळतात. बाळाच्या अकीक्याची तारीख ठरवता, त्याच बैठकीत दूतावासाची तारीखही ठरवा.

हा अंक छापायला जाण्याच्या आदल्या दिवशी भावाचा फोन आला. तिघांच्याही व्हिसावाढीचे अर्ज भरले आहेत. मुलाच्या फोटोचा आकार चुकला म्हणून त्याचा एक परत आला, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा भरला. कोतवाल बुकातली नोंद मात्र अजून सापडलेली नाही. तलाठी म्हणतात ते दप्तर तहसीलला गेले, तहसीलदार कचेरी म्हणते गावातच असेल. त्या गावच्या शाळेचे जुने रजिस्टर कोणा वाचकाच्या पाहण्यात असेल तर आमच्या पत्त्यावर कळवावे. गावाचे नाव आम्ही खासगीत सांगू.