आपला हात, आपला पाना

हौसेला मोल नसतं असं आपण म्हणतो खरं, पण गाडीच्या हौसेचं मोल कधी कधी शेजारच्या गाडीतल्या माणसाला मोजावं लागतं. कंपनीने न दिलेला, बाजारातून मागवलेला सुटा भाग घरच्या घरी, स्वतःच्या हाताने स्पोर्ट्स कारला बसवावा का, हा प्रश्न म्हणूनच केवळ हौशी मंडळींचा राहत नाही.

या प्रश्नाची खरी प्रयोगशाळा अमेरिका आहे आणि तिथली सगळ्यात जास्त उघडली-जोडली गेलेली गाडी बहुधा माझदाची मियाटा. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांपुढे आली, तेव्हा तिचं इंजिन होतं १.६ लिटरचं आणि ताकद ११६ अश्वशक्ती. दोन माणसांची जागा, दुमडणारं छप्पर, इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर आणि वजन एका टनाच्या आसपास. ही श्रीमंतांची गाडी कधीच नव्हती. २०१६ साली या मालिकेतली दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. एवढ्या गाड्या विकल्या गेल्या, म्हणजे जुन्या आणि स्वस्तही तेवढ्याच झाल्या. जुनी, स्वस्त आणि सहज सुटी होणारी स्पोर्ट्स कार हाती आली, घराला लागून गॅरेज असलं आणि शनिवार मोकळा असला, की माणूस पाना उचलतोच. डेट्रॉइटच्या आसपास ट्रॉय, नोवी अशा गावांत गाडीधंद्यातले मराठी इंजिनियर बरेच आहेत. त्यांच्यापैकी कुणाला हे वेड लागलं तर नवल नाही. आठवडाभर संगणकावर गाडीचा एखादा कोपरा आखणाऱ्याला एक अख्खी गाडी हाताळावीशी वाटणारच.

घरी काम करण्याच्या बाजूने पहिला मुद्दा पैशांचा मांडतात. अमेरिकेत गॅरेजची मजुरी तासाला शंभर डॉलरच्या वर सहज जाते. दोन-तीन हजार डॉलरच्या गाडीला तेवढ्याच किमतीचे शॉकअप आणि वर बसवण्याची मजुरी, म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. पण हा मुद्दा मला फारसा पटत नाही. घरी काम करणारा मजुरीचे वाचवलेले पैसे पुढच्या महिन्यात आणखी एका भागावर घालवतो, हे त्याच्या घरच्यांना विचारावं.

दुसरा मुद्दा वजनदार आहे. तिकडच्या बऱ्याच गॅरेजांत कामगाराला ठरावीक कामाचे ठरावीक तास धरून पैसे मिळतात. काम लवकर उरकलं तर त्याचा फायदा, रेंगाळलं तर तोटा. गंजलेला नट रात्रभर तेलात भिजत ठेवायची चैन त्याला परवडत नाही, ती मालकाला परवडते. मालकाच्या हाताला अनुभव नसेल, पण घाईही नसते. कायदासुद्धा त्याच्या बाजूने थोडा झुकलेला आहे. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार, बाहेरचा भाग लावला एवढ्या कारणावरून कंपनीला वॉरंटी उडवून लावता येत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला, हे तिने दाखवावं लागतं.

मात्र ‘गॅरेजवाला जाणकार, घरचा अडाणी’ आणि ‘घरचा मन लावून करतो, गॅरेजवाला उरकतो’ ही दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत, हे मियाटाचाच एक बोल्ट शिकवतो. अगदी सुरुवातीच्या काही वर्षांतल्या गाड्यांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड होतं. टायमिंग बेल्ट बदलताना तिथली पुली काढावी लागते आणि परत बसवताना मधला बोल्ट नेमून दिलेल्या जोराने आवळावा लागतो. तो जरा कमी आवळला गेला तर गाडी सुरू होते, चालते, कुणाला काही कळत नाही. आत मात्र पुली अगदी बारीक हलत राहते, तिला जागेवर धरणाऱ्या धातूच्या चावीची खाच खात जाते आणि एक दिवस क्रँकशाफ्टच निकामी होतो. तो बोल्ट मालकाने सैल ठेवला की दुकानातल्या फिटरने, याची इंजिनाला फिकीर नसते. आवळण्याचा जोर कुणी मोजला, की कुणी अंदाजाने भागवलं, एवढंच त्याला कळतं.

अंदाज हा आपल्याकडचा लाडका शब्द. चाकाचे नट आवळताना पान्यावर पाय देऊन उभा राहणारा पोरगा कुणी पाहिला नाही? पहिल्या पिढीच्या मियाटाच्या चाकाच्या नटाला ८८ ते ११८ न्यूटन-मीटर एवढा जोर सांगितला आहे. पान्यावर उभ्या राहिलेल्या माणसाचं वजन त्याच्या कितीतरी पुढे जातं. मग आटे ताणले जातात किंवा डिस्क वाकडी बसते, आणि ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायला लागतं. दोष नव्या ब्रेकपॅडला दिला जातो.

आता एक नेहमीचं काम जवळून पाहू: गाडी खाली बसवणारे छोटे स्प्रिंग आणि कडक शॉकअप. गाडी जॅकवर उचलायची, स्टँडवर टेकवायची, चाकं काढायची. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी लोक शिरतात. जुना स्प्रिंग काढताना तो दाबलेल्या अवस्थेत असतो. हलक्या प्रतीचा दाबणारा शिकंजा निसटला तर तो स्प्रिंग हाड मोडू शकतो. हे धोके निदान डोळ्यांना दिसतात. पुढचा दिसत नाही. नवा शॉकअप बसला, विशबोनचे बोल्ट जागेवर आले, आणि गाडी अजून हवेत, चाकं लोंबकळत आहेत. हात तिथेच सगळं कचकचीत आवळून टाकायला शिवशिवतो. पण बोल्टाभोवती रबरी बुश असतात आणि त्यांचं रबर आतल्या-बाहेरच्या धातूच्या नळ्यांना चिकटवलेलं असतं. लोंबकळत्या स्थितीत आवळलं तर गाडी जमिनीवर आल्यावर ते रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी ठरल्यापेक्षा उंच उभी राहते, चालताना ताठरते आणि काही काळाने बुश फाटतात. बरोबर पद्धत अशी की बोल्ट नुसते टेकवायचे, गाडी खाली आणायची, दोन-चार वेळा पुढे-मागे ढकलून बसू द्यायची आणि मग पूर्ण वजन चाकांवर असताना आवळायचं. मिशिगनसारख्या ठिकाणी हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. तिथल्या गाड्यांत चाकाचा कोन ठरवणारे बोल्ट बुशमध्येच गंजून बसलेले असतात. अर्धा दिवस त्यांच्याशी झटापट करण्यातच जातो.

एवढं सगळं नीट केलं तरी शेवटी गाडी अलाइनमेंटच्या यंत्रावर न्यावीच लागते. दोन माणसं गाडीभोवती दोरी ताणून चाकं सरळ करतात असंही ऐकू येतं. शर्यतीच्या मैदानावर ते ठीक, महामार्गावर मी त्या गाडीत बसणार नाही.

म्हणून ‘घरी की गॅरेजमध्ये’ हा प्रश्न मला चुकीच्या जागी रेघ ओढणारा वाटतो. काम कुठे झालं यापेक्षा त्यातली चूक कुठे उघडी पडेल, हे विचारावं. ब्रेकचंच घ्या. ‘ब्रेकला घरी हात लावू नये’ असं सर्रास सांगतात. तरी पॅड बदलणं, जुनं ब्रेक ऑइल काढून नवं भरणं आणि पाइपातली हवा काढणं ही शिकून घरी करता येण्यासारखी कामं आहेत, कारण त्यांची परीक्षा दारातच होते. इंजिन सुरू करून पेडल जोरात दाबून धरलं की ते हळूहळू खाली जातंय का, कुठे थेंब दिसतोय का, हे कळतं. किंबहुना इथे हौशी माणूस सरस ठरतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. ‘डॉट ४’ प्रतीचं नवं ऑइल निदान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असं मानक आहे, ओल शोषलेल्या ऑइलसाठी ते १५५ वर येतं. ट्रॅकवर पाच-सहा फेऱ्या मारल्या की ही तफावत पायाखाली जाणवते. सामान्य गाडीमालक हे ऑइल वर्षानुवर्षं बदलत नाही, ट्रॅकवर जाणारा न चुकता बदलतो.

टर्बोचं तसं नाही. त्या १.६ लिटर इंजिनाचं दाबाचं गुणोत्तर ९.४ आहे, म्हणजे टर्बोविना चालण्यासाठी बेतलेलं. त्यात जास्तीची हवा कोंबायची तर इंधन आणि ठिणगीची वेळ दोन्ही नव्याने जुळवावी लागतात. ती जुळली आहेत की नाही, हे अंगणात इंजिन गुणगुणतंय यावरून कळत नाही. पूर्ण ॲक्सिलरेटरवर, चढणीला, उन्हात मिश्रण अवेळी पेटलं तर पिस्टन फुटतात, आणि तेही नेमके वेगात असताना. स्टिअरिंगचं चाक त्याहून साधं दिसतं. मूळ जाड चाक काढून लाकडी, नाजूक चाक बसवणं हा मियाटावाल्यांचा आवडता बदल आहे, पाच-सहा स्क्रूंचं काम. अमेरिकेत विकलेल्या पहिल्या गाड्यांपासूनच त्या मूळ चाकात एअरबॅग असते आणि ती चाकाबरोबर जाते. या कामाची परीक्षा एकदाच होते, अपघातात. हातात ते चाक किती सुंदर वाटतं हे मलाही मान्य आहे. तरी रोजच्या रस्त्यावरच्या गाडीत ते बसवू नये, असंच मी म्हणेन.

कायद्यांनीही ही रेघ आपापल्या परीने ओढली आहे. अमेरिकेत प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढून टाकायला मालकालाही बंदी आहे, मग ते काम त्याच्या स्वतःच्या गॅरेजात का होईना. कॅलिफोर्नियात इंजिनाशी संबंधित बाहेरच्या भागाला राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो, नाहीतर दर दोन वर्षांच्या धूर-तपासणीत गाडी अडते. स्प्रिंग-शॉकअपच्या बाबतीत मात्र तिथे बरीच मोकळीक आहे. जर्मनीची पद्धत आणखी कडक: भागाला प्रमाणपत्र हवं, पुष्कळदा बसवल्यावर ट्यूफसारख्या मान्यताप्राप्त संस्थेच्या तपासनिसाने पाहून कागदावर नोंद करायला हवी, नोंद नसेल तर गाडीचा रस्त्यावर येण्याचा परवानाच धोक्यात येतो. मात्र काम कुणी केलं हे तो तपासनीस विचारत नाही. तो झालेलं काम पाहतो. मला ही विचारसरणी सगळ्यात समंजस वाटते.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे. नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधल्या प्रकरणांत हीच भूमिका ठामपणे घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. पुण्यात पोलिसांनी जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले, तेव्हा मला आनंदच झाला. रात्री अकराला फटाके फोडत जाणाऱ्या बुलेटने ज्यांच्या घरातलं तान्हं मूल दचकून उठलंय, त्यांना कारण सांगायला नको.

अडचण अशी की त्या सायलेन्सरवाल्यात आणि चांगल्या प्रतीचे शॉकअप मोजून-मापून बसवणाऱ्यात कायदा पुरेसा फरक करत नाही. काय चालतं आणि काय नाही, हे सांगणारी सोपी यादी गाडीमालकाच्या हाती नाही. त्यामुळे पुण्याच्या नाना पेठेत सगळं मिळतं, कुठल्याशा बोळात ते बसतं, आणि कुणीही काहीही तपासत नाही. अपघात झाला की विमा कंपनी न कळवलेल्या बदलाकडे बोट दाखवते. इकडे घरी काम करायचं म्हटलं तर घराला गॅरेज नसतं; सोसायटीच्या पार्किंगमध्ये, उतरत्या फरशीवर गाडी स्टँडवर चढवणं हे आधीच धोक्याचं, आणि ऑइलचा एक डाग पडला तरी चेअरमनसाहेबांची चिठ्ठी येते. मला वाटतं, निदान सपाट जमीन मिळेपर्यंत चेअरमनसाहेबांचं ऐकावं.

चुकांतूनच माणूस शिकतो, आणि आजचे कित्येक उत्तम वाहन-अभियंते घरच्या गाडीचं इंजिन उघडूनच घडले, हा आक्षेप मी मोडीत काढत नाही. शिकण्याची चूक स्टँडवरच्या गाडीत होऊ द्यावी, सुटलेल्या गाडीत नाही, एवढंच त्यावर म्हणणं आहे. पॅड, शॉकअप, मापात बसणारी चाकं, फिल्टर घरी बदला. एअरबॅग, टर्बो आणि सांगाड्यावरचं वेल्डिंग घरी नको. भारतात आज तरी मूळ भाग जपून ठेवा, आणि विमा कंपनीला लेखी कळवून तिचं लेखी उत्तर मिळाल्याशिवाय बदल करू नका.

परिवहन मंत्रालयाला सांगणं असं: रस्ता तुमच्याकडे आधीच आहे. सीएनजी किट मुळात कंपनीने दिलेलं नसतं, तरी मंजूर किट मान्यताप्राप्त ठिकाणी बसवून नोंदणी प्रमाणपत्रात चढवता येतं. भाग तपासणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे, कोथरूडच्या टेकडीवर. स्प्रिंग, शॉकअप, चाकं आणि सायलेन्सर यांची मंजूर यादी तिच्याकडून करून घ्या, आरटीओत फी घेऊन बसवलेलं काम तपासा, आणि त्याची नोंद करा.