रंग पाहू नका, वाचन ऐका!

मैत्रिणींनो, कल्याणजवळच्या खेड्यात दिलेली माझी भाची परवा म्हणाली, "मावशी, जिल्हा परिषदेच्या दोन शाळा जवळ आहेत. लेकीला कुठे घालू?"

दोन्ही पाहून आले. एकीला नवा रंग. पण तिसरीतली मुलं न शिकवलेला धडा वाचताना अडखळली. कौलारू शाळेत भिंतींना ओल, पण मुलं घडाघडा वाचत होती. म्हटलं, "इथेच घाल!"

आणि ओलीचं काय? २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान पाऊण सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. तिथे जाऊन विचारायचं, घरी कुरकुरायचं नाही. भिंत एका सुट्टीत रंगवता येते. वाचनाची गोडी लावायला वर्षं जातात.