पोरका कोणाला म्हणावे?

विक्रम संवत १९५६, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा दुष्काळ मारवाडी घरांतून आजही ‘छप्पनिया’ या नावाने ओळखला जातो. राजस्थान आणि गुजरातप्रमाणे वऱ्हाडालाही त्याने सोडले नाही. कापसाच्या काळ्या मातीतली माणसे अन्नाच्या शोधात गाव सोडून निघाली. कित्येकांची मुले वाटेवरच मागे राहिली.

अमेरिकेतील फ्री मेथडिस्ट पंथाचे मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यवतमाळ भागात आले. ते मराठी शिकले आणि येथेच राहिले. पांढरकवड्याजवळील उमरीचे मिशन रुग्णालय हा त्यांच्याच परंपरेचा वारसा. त्यांच्या धर्ममताविषयी कोणाचे काहीही मत असो. समुद्र ओलांडून आलेला माणूस परक्या मुलखात वर्षानुवर्षे राहतो, ही गोष्ट साधी नव्हे.

याच काळातील आपल्या घरचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांचे आई-वडील दुष्काळातच गेले, तेव्हा रमाबाई सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. पुढे बहीणही गेली, आणि भावाबरोबर त्यांनी देशभर पायपीट केली. म्हणूनच १८९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचे कळताच त्या स्वतः तेथे गेल्या. त्यांनी सुमारे ३०० मुली व स्त्रियांना आणले आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे ‘मुक्ती’ची वसाहत उभी राहिली. छप्पनियाच्या वर्षी ती आणखी वाढली. तेथे मुलींना अक्षरओळखीबरोबरच विणकाम, शेती आणि छपाई यांचेही शिक्षण मिळाले. आज जेवण दिले तरी उद्या ती मुलगी काय खाणार, हा प्रश्न त्या कार्याने नजरेआड केला नाही.

मात्र या कार्याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. रमाबाईंच्या शारदा सदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत आहेत, या कारणावरून १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आश्रय देणाऱ्याच्या हातात केवढी सत्ता असते, हा त्या वादाचा गाभा होता. उपाशी लेकराला ‘नको’ म्हणण्याची सोय नसते. त्याच्या पानात वाढताना त्याच्या श्रद्धेवर हक्क सांगायचा की नाही, हा प्रश्न ख्रिस्ती, हिंदू, जैन अशा प्रत्येक दात्याने स्वतःला विचारावा.

आपल्या परंपरेने आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. पहिली तीन पैशाने देता येतात. अभय मात्र सहवासानेच देता येते. ‘उद्या हे मला सोडून जातील’ ही भीती मुलाच्या मनातून गेली, तरच ते अभयदान. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. पुढे वाघोलीच्या त्याच केंद्राने आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या मुलांनाही जागा दिली. ही जबाबदारी वर्षानुवर्षांची होती, म्हणूनच तिचे मोल आहे.

आज परदेशांतून आठ-पंधरा दिवसांसाठी सेवेला निघणारे तरुण गट जगभर दिसतात. भावना निर्मळ असते. परंतु लळा लावून निघून जाणारी माणसे पोरक्या मुलाला वियोगाचा धडा पुन्हा पुन्हा देतात. शिवाय जगातील अनाथालयांत राहणाऱ्या बहुसंख्य मुलांची आई किंवा वडील हयात असतात. दारिद्र्याने त्यांना तेथे पोहोचवलेले असते. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही अनाथालयांतील अशा स्वयंसेवेमुळे होणाऱ्या हानीची दखल घेतली.

यवतमाळ जिल्ह्याला हे विशेष लागू पडते. येथील शेतकरी आत्महत्यांची चर्चा देशभर झाली; परंतु त्या घरातील मूल बहुधा अनाथ नसते. त्याची आई असते. ती दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचते, सावकाराचे आणि बँकेचे देणे सांभाळते आणि संध्याकाळी चूल पेटवते. त्या मुलाला वसतिगृहात नेण्यापूर्वी एक हिशेब मांडावा: जेवढा खर्च त्याला दूर ठेवण्यावर होणार, तेवढा त्या घरात पोहोचला तर मूल आईजवळ राहून शिकू शकेल का? राज्याच्या बाल संगोपन योजनेमागे हाच विचार आहे. आई किंवा वडील गमावलेल्या पात्र मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात आणि मूल घरीच राहते. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयाकडे करायचा असतो. कागदपत्रे जुळवताना मात्र अल्पशिक्षित विधवा थकून जाते.

येथे आपल्या घरांना काम आहे. पर्युषणात किंवा वाढदिवशी आश्रमात मिठाई वाटणे वाईट नाही. त्याऐवजी एका घरासाठी मृत्यूचा दाखला, शाळेचा दाखला आणि बँकेचे खाते ही कागदपत्रे पूर्ण करून द्यावीत. मूल दहावी होईपर्यंत दर जूनमध्ये त्याच्या वह्या-पुस्तकांची चौकशी करावी. ज्याला खरोखरच कोणी नाही, त्याच्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे आणि चांगल्या संस्थाही आहेत. ज्याला आई आहे, त्याच्या बाबतीत मदत आईच्या हाती जावी आणि मूल तिच्याच कुशीत राहावे.