मुलग्यांबद्दल कधी बोलायचे?

१६ जून १९३६ रोजी बाबासाहेबांनी मुंबईत, परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, मुरळ्या यांच्यासमोर भाषण केले आणि ते जिणे सोडण्याचे आवाहन केले. १९७५ साली आपल्या गडहिंग्लजात देवदासी निर्मूलन परिषद भरली. लेकींचा प्रश्न असा चारचौघांत मांडला गेला. मुलग्यांचा प्रश्न मात्र अजून दाराआडच आहे.

पैशासाठी, दारूसाठी, गांजा-गोळ्यांसाठी पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे तरुण असतात. काही कामाच्या शोधात मुंबई, पुणे, गोव्याला गेलेले, काही लग्न झालेलेही. ‘आपल्या वस्तीत असले काही नसते,’ असे आपण म्हणतो. याच वाक्यामुळे तो मुलगा तपासणीला जात नाही, असे आम्हाला वाटते.

धोका कशात आहे, ते स्पष्ट सांगतो. गुदमार्गाची आतली त्वचा नाजूक असते, म्हणून कंडोमशिवाय अशा संबंधात एचआयव्हीची लागण सहज होते. तेल किंवा व्हॅसलिन लावल्यास कंडोम फाटतो. पाण्यापासून बनलेले वंगणच वापरावे. नशेची तलफ लागलेला किंवा खिसा रिकामा असलेला मुलगा ‘कंडोम लाव’ असे ठणकावून सांगू शकत नाही. समोरचा जास्त पैसे दाखवतो आणि हा गप्प बसतो. सुई एकमेकांत वापरली, तर धोका आणखी वाढतो. घरी बायको असेल, तर तिलाही.

काही जण म्हणतील, पंचशील घेतलेल्यांनी हा विषय कशाला काढायचा? तिसरे आणि पाचवे शील आम्हालाही पाठ आहे. पण शील हे स्वतःला सावरण्यासाठी असते, दुसऱ्याला घराबाहेर काढण्यासाठी नव्हे. आजारी माणसाला आधी औषध लागते. आणि मुलगा अठरा वर्षांखालचा असेल, तर दोष त्याचा नाहीच. पॉक्सो कायदा मुलग्यांनाही लागू आहे. अशा वेळी १०९८ वर फोन करावा.

गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन मोफत आहे. संबंधानंतर लगेच केलेली तपासणी खात्रीची नसते, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा करावी. लागण झाल्याची शंका असेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठावे. लागण टाळणारी औषधे तेवढ्याच मुदतीत सुरू करता येतात. लागण झालेलीच असेल, तर सरकारी एआरटी केंद्रात, जसे कोल्हापूरच्या सीपीआरमध्ये, औषधे मोफत मिळतात. ती नियमित घेऊन विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय तपासणी करण्यास आणि नाव फोडण्यास बंदी आहे.

शेजारच्या सांगलीत ‘संग्राम’ संस्थेसोबत ‘मुस्कान’ ही देहविक्री करणाऱ्या पुरुषांची आणि तृतीयपंथीयांची संघटना उभी राहिली. ज्यांच्यावर वेळ आली, तेच एकमेकांचा आधार झाले.

आपल्याला एवढे तरी करता येईल: विहाराच्या फलकावर १०९७ हा मोफत हेल्पलाइन क्रमांक लिहावा. घरात मुलगा काही सांगू लागला, तर त्याचे बोलणे पूर्ण ऐकावे. आणि तपासणीला जाताना त्याला एकट्याने जावे लागू नये.

जय भीम.