फुसका बार

गेल्या दिवाळीतली गोष्ट. पहिले स्नान आटोपले होते, अंगाला उटण्याचा वास येत होता, पोटात दोन करंज्या गेल्या होत्या आणि अशा प्रसन्न अवस्थेत मी अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो. इतक्यात कानामागे 'फट्' असा आवाज झाला. वळून पाहतो तो आमचे चिरंजीव टिकल्यांचे पिस्तूल रोखून उभे!

"बाबा, तुम्ही मेलात!" त्यांनी मोठ्या समाधानाने जाहीर केले.

"सणासुदीच्या दिवशी हे काय अभद्र बोलणं?" स्वयंपाकघरातून आमच्या घरच्या सरकारचा आवाज आला.

मी मेलो नव्हतो हे उघडच आहे, नाहीतर हा लेख तुमच्यापर्यंत आला नसता. पण घटकाभर माझ्या तोंडून शब्द फुटला नाही खरा. एक 'फट्', आणि पुढे काहीच नाही. हा आवाज मी एकदा ऐकला होता, १९८९ सालच्या हिवाळ्यात. त्याविषयी मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. आज वाचकांजवळ बोलतो.

मी आता अंबाजोगाईस राहतो. मुकुंदराज आणि दासोपंतांच्या या गावात मुलांना मराठी शिकवतो. पण आमचे मूळ गाव बालाघाटच्या डोंगरात, पाटोदा तालुक्यात. जमीन हलकी, पाऊस लहरी आणि जे काही पिकेल त्यावर माणसाइतकाच हरणांचा, मोरांचा आणि रानडुकरांचा हक्क. पुढे १९९४ साली त्याच तालुक्यात नायगावला मयूर अभयारण्य झाले. पण मोरांनी त्याची वाट पाहिली नव्हती, ते आमच्या शेतात आधीपासूनच मुक्कामाला होते.

आमच्या आजोबांना सारे गाव तात्या म्हणे. तात्यांच्या ओसरीवर खुंटीला एक ठासणीची बंदूक टांगलेली असे. शहरातल्या वाचकांनी अशी बंदूक पाहिली नसेल, म्हणून थोडे सांगतो. हिला काडतूस लागत नाही. प्रत्येक बार हाताने भरावा लागतो. शिंगातली दारू नळीच्या तोंडातून आत ओतायची, वर चिंधीचा बोळा घालायचा, लोखंडी गजाने तो ठासायचा, मग छर्रे आणि वर पुन्हा बोळा. शेवटी मागच्या बाजूला कानावर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर पडतो, टोपीतली ठिणगी कानातून आत जाते आणि बार उडतो. तात्या हे सारे देवपूजेच्या शिस्तीने करीत. त्या वेळी घरात कोणी बोलायचे नाही, चूल जवळ असेल तर त्यांनी उठून परसात जायचे.

या टोपीची कुळकथा मला पुढे कळली. ती निघाली एका पाद्र्याच्या डोक्यातून! स्कॉटलंडातले अलेक्झांडर फॉरसिथ हे गृहस्थ धर्मोपदेशक होते आणि पाखरांचे शिकारीही. त्या काळच्या चकमकीच्या बंदुकीत आधी बाहेरची दारू भडकायची आणि मग आतली. तो भडका पाहून पाखरे उडून जात. पाद्रीबुवांनी मग आघाताने पेट घेणारी पूड वापरून नवी युक्ती काढली आणि १८०७ साली तिचे पेटंट घेतले. पुढे तिच्यातूनच ही टोपी आली. पाखरांना मिळणारी क्षणभराची सवलत अशी संपली. पोरांच्या टिकल्यांमागेही तत्त्व तेच, आघात झाला की पेट घ्यायचा.

आमच्या भागात अशा बंदुका अनेक घरांत होत्या, आणि त्या चोरीछुप्या नव्हत्या. १९५९ च्या शस्त्र कायद्यातच तशी सोय आहे. खरोखरच पिकाच्या राखणीसाठी हवी असेल तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असे त्यात म्हटले आहे. तात्यांचा परवाना त्याच सदरातला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आले, काळविटावर बंदूक उचलणे हा मोठा गुन्हा ठरला. तात्या हरणांसाठी आणि मोरांसाठी गोफण वापरीत, फार झाले तर हवेत बार काढीत. रानडुकराच्या बाबतीत मात्र कायदा तालुक्यापर्यंत आला होता, आमच्या शेतातल्या माळ्यावर अजून चढला नव्हता. हे मी अभिमानाने सांगत नाही, होते तसे सांगतो.

त्या हिवाळ्यात ज्वारी निसवून दाण्यात आली होती. मी चौथीत होतो. हट्ट करून मी तात्यांबरोबर राखणीला गेलो. चार मेढींवर बांधलेला माळा, अंगावर घोंगडी आणि खाली थंडीने आवळलेले काळे रान. सूर्य मावळायच्या आत तात्यांनी बार भरून ठेवला होता. मध्यरात्र उलटली असेल. बांधाकडच्या ताटांत खसफस झाली. एक ताट हलले. मग दुसरे.

"तात्या, डुक्कर!" मी कुजबुजलो. "लई मोठं हाय!"

मला काहीही दिसले नव्हते. पण घरी गेल्यावर शाळेत सांगायला मला डुक्कर हवे होते, आणि तेही मोठे हवे होते.

तात्यांनी बंदूक उचलली. त्यांची नजर उतारवयाने मंदावली होती. नातवाच्या कोवळ्या डोळ्यांवर त्यांनी विश्वास ठेवला. हलणाऱ्या ताटावर नळी स्थिर झाली. चाप ओढला गेला.

फट्!

टोपी उडाली, बार उडाला नाही. रात्रभर पडणाऱ्या दवाने कानातली दारू सर्दावली असावी. तात्या पुटपुटले, त्यांनी तारेने कान साफ केला आणि कनवटीची डबी काढून अंधारात दुसरी टोपी चाचपू लागले. थंडीने त्यांची बोटे आखडली होती. एक टोपी खाली पडली. दुसरी सापडली. आणि तेवढ्यात ज्वारीतून खोकल्याची उबळ ऐकू आली.

"कोन हाय रं तिकडं?" तात्या ओरडले. तसा आवाज मी त्यांच्या तोंडून त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकला नाही.

ताटे बाजूला झाली आणि एक पोरगा बाहेर आला. माझ्याच वर्गातला. त्याचे आईबाप दिवाळी होताच ऊसतोडीला गेले होते. आमच्या जिल्ह्यातली किती घरे अशी दिवाळीनंतर रिकामी होतात, हे वाचक जाणतातच. हा म्हाताऱ्या आजीपाशी राहिला होता. त्याच्या सदऱ्याच्या ओच्यात सात-आठ कणसे होती.

"मारू नका, तात्या," तो म्हणाला. त्याला वाटले, तात्या काठीने मारतील.

तात्या खाली उतरले. त्यांनी आगटी पेटवली, त्याचीच कणसे भाजून हुरडा चोळला आणि आम्हा दोघांना खायला दिला. स्वतः एक दाणाही तोंडात टाकला नाही. उजाडताच दोन पायल्या ज्वारी डोक्यावर घेऊन ते त्याच्या आजीच्या घरी गेले. का आणली, ते त्यांनी सांगितले नाही आणि म्हातारीनेही विचारले नाही.

दुपारी ते मला ओढ्याकाठी घेऊन गेले. भरलेली बंदूक घरात टांगणे बरे नव्हे, बार मोकळा करायचा होता. त्यांनी टोपी नवी बसवली, समोरच्या मातीच्या दरडीवर नळी धरली आणि चाप ओढला. बार पहिल्याच फटक्याला उडाला. दरडीला माझ्या डोक्याएवढे भगदाड पडले, डोंगरातून आवाज परत आला आणि तात्या मटकन खाली बसले. बराच वेळाने ते म्हणाले, "तुझी काय चूक नाय. न बघता चाप म्या वढला."

त्यानंतर त्यांनी ती बंदूक कधी भरली नाही. राखणीला ते गोफण आणि पत्र्याचा डबा घेऊन जात.

मी मराठीचा मास्तर, त्यामुळे शब्दांपाशी अडखळतो. आपल्या भाषेत 'ठासून सांगणे' हा गुण आहे आणि 'फुसका बार' हा नालायकीचा शिक्का. त्या रात्री मी ठासून सांगितले होते आणि बार फुसका निघाला होता. एका मुलाचा जीव वाचला तो त्या फुसक्या बारामुळे, माझ्या ठासून सांगण्यामुळे नव्हे.

तात्या गेले. बंदूक वडिलांच्या नावावर झाली, कारण आमच्याकडे बंदुकीला पिकापेक्षा प्रतिष्ठेची राखण अधिक करावी लागते. वडीलही गेले आणि नियमाप्रमाणे बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. आता वारसाने अर्ज करायचा होता. आमचे धाकटे चुलतबंधू पुढे सरसावले. "दादा, ठासणीचं आता कोण पुसतं? ती मोडीत काढू आणि रिव्हॉल्व्हरचा अर्ज करू. कमरेला असलं की माणूस वेगळाच दिसतो." डिसेंबर २०२४ नंतर बीडच्या शस्त्रपरवान्यांची चर्चा साऱ्या महाराष्ट्राने ऐकली, २०२५ मध्ये अनेक परवाने रद्दही झाले. तरी हौस फिटत नाही.

बंधूंनी मोबाइलवर मला अमेरिकेतले शौकीन दाखवले. तिकडे अस्वला-हरणांची शिकार रिव्हॉल्व्हरने करतात. एकेक रिव्हॉल्व्हर उचलताना मनगट भरून यावे असे, आणि त्याची काडतुसे हे लोक घरी स्वतः भरतात. रिकामे पितळी कवच साफ करायचे, नवी टोपी बसवायची, दारू काट्यावर तोलायची आणि वर गोळी दाबायची. आयडाहोतले एल्मर कीथ हे पशुपालक आणि लेखक वर्षानुवर्षे अशी जबर काडतुसे हाताने भरीत. त्यांच्या आग्रहातूनच १९५५ साली '.४४ मॅग्नम' हे प्रसिद्ध काडतूस निघाले. त्या माणसांची तन्मयता पाहून मला तात्या आठवले. तीच शिस्त, तेच मौन. सॅम्युअल कोल्टच्या १८३६ च्या पेटंटातले रिव्हॉल्व्हरही मुळात असेच हाताने भरायचे होते. म्हणजे ही सारी आमच्या ठासणीचीच भावंडे!

त्या शौकिनांची मी चेष्टा करणार नाही. जो स्वतःच्या हाताने बार भरतो त्याला त्याचे वजन ठाऊक असते. पण दारू कितीही नेमकी तोला, ज्वारीच्या आड कोण उभे आहे हे तो काटा सांगत नाही. ते डोळ्यांनी पाहावे लागते, आणि दिसले नाही तर थांबावे लागते. तात्यांना थांबवले ते दवाने. बंधूंच्या कमरेच्या रिव्हॉल्व्हरला सहा घरे असतील, टोपी चाचपायची वेळ येणार नाही. मग त्यांना कोण थांबवणार?

मी अर्ज केला नाही, त्यांनाही संमती दिली नाही. बंधू दोन महिने बोलत नव्हते, दिवाळीच्या फराळाला मात्र आले. पोलीस ठाण्यात बंदूक कायमची सोडल्याच्या कागदावर मी सही केली, तेव्हा हवालदारांनी विचारले, "चालते का हो ही, सर?"

"चालते," मी म्हणालो. "एकदाच चालली नव्हती."

तो पोरगा आज दोन मुलांचा बाप आहे. अजून हंगामाला ऊसतोडीला जातो, पण मुलांना मागे गावात न ठेवता माझ्याच ओळखीने इथल्या वसतिगृहात ठेवतो. परवा दिवाळीनंतर निघण्यापूर्वी तो भेटायला येईल. दरवर्षी येतो, आणि येताना पिशवीभर ज्वारी आणतो. "तात्यांनी त्या रात्री मारलं नाही, हुरडा दिला," असे दरवर्षी सांगतो. त्या 'फट्'विषयी त्याला आजही काही ठाऊक नाही. वाळलेले ताट मोडले असेल, असे त्याला वाटले होते.

या वर्षी त्याला सारे सांगावे, असे मनात आहे.